वारसाहक्काचा डाग

काकांच्या माळ्यावरून आणलेल्या जुन्या लाकडी पेटीचं मी सोफ्याजवळचं टेबल केलंय. तिच्या झाकणावर, उजव्या कोपऱ्यापासून वीतभर आत, एक पांढरं वर्तुळ उमटलंय. व्यास ७ सेंटिमीटर. पट्टी लावून मोजला. मोजून काही उपयोग नव्हता, पण रागाला हाताशी काहीतरी काम द्यावं लागतं.

वर्तुळ काकांच्या कपाचं. कपाखाली ठेवायची लाकडी चकती त्यांच्या हाताशीच होती. ती त्यांनी उचलली, उलटसुलट करून पाहिली, "छान आहे गं" म्हणाले, आणि खराब होऊ नये म्हणून बाजूला ठेवून दिली. मग वाफाळता कप थेट झाकणावर.

झाकणाला चपडा लाखेचं, म्हणजे लाखेच्या पातळ पापुद्र्यांचं, पॉलिश आहे. ज्यांनी ते कधी हातानं केलं नसेल त्यांच्यासाठी सांगते. १ लिटर स्पिरिटमध्ये १२० ग्रॅम चपडा, काचेच्या बाटलीत. लोखंडी डब्यात करायचं नाही, लाख काळवंडते. रात्रभर मुरवायचं, अधूनमधून हलवायचं, सकाळी मलमलीतून गाळायचं. हे पाणी सहा महिन्यांच्या आत संपवायचं, कारण जुनं झालं की ते लाकडावर वाळत नाही, नुसतं चिकट होऊन बसतं. म्हणून आधी काचेच्या तुकड्यावर एक थेंब टाकून तो कडक वाळतोय का ते बघायचं. एवढं झालं की लावायला सुरुवात. पातळ हात, सुकू द्यायचा, पुन्हा हात. दर दोन-तीन हातांनी ४०० नंबरच्या पॉलिश पेपरनं हलकंसं घासायचं. या झाकणावर असे दहा हात बसलेत. हवा दमट असेल त्या दिवशी हातच लावायचा नाही, नाहीतर थरात ओल अडकून सगळंच धुरकट दिसतं. लाख उष्णतेनं चटकन मऊ पडते आणि ७५ अंशांच्या आसपास वितळायलाच लागते. गरम कप ठेवला की थर सैलावतो, कपाच्या बुडाखालची वाफ आत शिरते आणि थंड झाल्यावर तिथेच अडकून पांढरी दिसते. मी हे काकांना समजावून सांगितलं.

"असू दे गं," ते म्हणाले. "त्यानं उलट जुनं दिसतं."

पण कप ही गोष्टीची शेवटची पायरी. काका आल्या आल्या पेटीसमोर दोन चकरा मारून थांबले होते.

"ही कुठून घेतलीस?"

"तुमच्याकडूनच की, काका. तुमच्या माळ्यावरची."

"छे! ती काळी होती."

"तो मळ होता."

"मळ कसला? वय होतं ते तिचं!" काकांनी झाकणावर बोट फिरवलं आणि बोटाकडे निराश होऊन पाहिलं. बोट स्वच्छ होतं. "घालवलंस ना सगळं."

हे तेच काका, ज्यांनी फोन करून सांगितलं होतं, "तुला जुन्याची आवड आहे ना? मग ही धोंड एकदाची घेऊन जा, माझा माळा अडलाय." पेटी उतरवायला गेलो तेव्हा खाली उभं राहून "जपून, भिंतीचा रंग जाईल" एवढंच मार्गदर्शन त्यांनी केलं होतं. भिंतीचा. पेटीबद्दल चकार शब्द नाही.

आता त्यांनी झाकण उघडलं. म्हणजे आधी मी वरचा दिवा, पुस्तकं, फुलदाणी आणि तीच ती लाकडी चकती उचलली, मग त्यांनी उघडलं. पेटीचं टेबल करणाऱ्या प्रत्येकाला हे आधी सांगायला हवं: झाकण उघडायचं म्हणजे वरचं बिऱ्हाड हलवायचं. आत जे ठेवाल ते वर्षातून दोनदाच लागणारं असू द्या. झाकणाला दोन्ही बाजूंनी आधाराच्या पट्ट्या लावा, नाहीतर ते बोटांवर आपटतं. आणि उंची आधी मोजा. सोफ्याची बैठक साधारण ४२ ते ४५ सेंटिमीटर असते. टेबल तेवढंच किंवा दोन-चार सेंटिमीटर खाली हवं. चाकं लावली की ५ सेंटिमीटर सहज वाढतात आणि बसलेल्या माणसाला आपण न्यायाधीशासमोर बसलोय असं वाटू लागतं.

काकांनी आत डोकं घातलं आणि दीर्घ श्वास घेतला.

"वास कुठे गेला?"

"घालवला."

"अगं, त्या वासात आजोबा होते!"

त्या वासात उंदीर होते. किमान तीन पिढ्या. शिवाय डांबराच्या गोळ्या, ओल आणि एका पंख्याची मोडकी पाती. वास घालवायला तीन आठवडे लागले. आधी पेटी उघडी ठेवून सावलीत वारा खाऊ दिला. कडक उन्हात ठेवत नाहीत, सांधे उलतात. मग वाटीभर खाण्याचा सोडा आणि वाटीभर कोळसा आत ठेवून झाकण आठवडाभर बंद. उरलेल्या वासावर आतून लाखेचे दोन पातळ हात, कारण लाख वास कोंडून ठेवते. आत तेल कधीच लावू नये. बंद जागेत ते धड वाळत नाही, खवट होतं, आणि मग त्या वासात आजोबाही राहत नाहीत, नुसतं तेल राहतं.

"आणि ही भोकं?" काकांचा चष्मा आता झाकणाला टेकला होता. "ही भोकं आमच्या वेळेला नव्हती."

होती. टाचणीच्या डोक्याएवढी, एक-दोन मिलिमीटरची. किडा लाकूड खाऊन बाहेर पडल्याची ती खूण. भोक दिसतं तेव्हा तो किडा तरी निघून गेलेला असतो, खरी धास्ती आत उरलेल्या त्याच्या अळ्यांची. त्या कित्येक वर्षं आतल्या आत खात बसतात. खात्री करायची सोपी युक्ती म्हणजे पेटीखाली काळा कागद पसरून दोन आठवडे हलवायचं नाही. ताजा, फिकट भुगा पडला तर कीड जिवंत. माझ्या कागदावर पडला. मग हातमोजे घालून, खिडक्या उघड्या टाकून, सुई लावलेल्या पिचकारीनं एकेका भोकात कीडनाशक, वरून प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून ठेवणं, आणि पुन्हा काळा कागद. लहान वस्तू असेल तर प्लॅस्टिकमध्ये बांधून उणे १८ अंशांत दोन आठवडे ठेवल्यावरही कीड मरते. पेटी फ्रीजमध्ये मावत नाही, मी विचार केला होता. भोकं बुजवायची ती सगळ्यात शेवटी, रंगीत मेणानं. आधी बुजवली तर नवी कुठली नि जुनी कुठली ते कळत नाही. गंमत म्हणजे ज्या लाखेनं हे सगळं चकाकतं तीही किड्याचीच देणगी. एका किड्यानं पोखरायचं, दुसऱ्यानं झाकायचं, आणि मधे मी पिचकारी घेऊन उकिडवी.

हे सगळं ऐकून काका गंभीर झाले. मला वाटलं, कष्ट जाणवले.

"म्हणजे आता ही टिकेल?"

"टिकेल."

"मग बोलायला हवं." ते सोफ्यावर सावरून बसले. "बघ हं, पेटी आजोबांची. म्हणजे आम्हा चौघा भावांची. तुझ्या बाबांचा चौथा हिस्सा, तो तुझा. त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही."

"काका, तुम्ही ही भंगारात देणार होतात."

"देणार होतो, दिली का?" या वाक्यावर कुठल्याही कोर्टात उत्तर नसावं. "मी काही घेऊन जा म्हणत नाही. माझ्याकडे जागा कुठे आहे? इथेच राहू दे. फक्त माझी आहे हे लक्षात असू दे." मग त्यांनी झाकणावर वीत टेकवली. दोन विती आडव्या, दीड उभी. उजवीकडचा पुढचा कोपरा त्यांनी स्वतःसाठी मुक्रर केला, कारण तो सोफ्याजवळ पडतो. दुसरे दोन कोपरे गैरहजर भावांना गेले. मला मिळाला तो बिजागरीकडचा, भिंतीला चिकटलेला, जिथे फुलदाणीसुद्धा नीट बसत नाही.

"पितळी पट्ट्या नंतर बघू," ते म्हणाले.

पितळी पट्ट्या बघायच्या असतील तर ऐका. एकूण आठ. एकेका पट्टीला सहा पितळी स्क्रू. पितळ मऊ असतं, जुन्या कडक लाकडात सरळ पिळला की स्क्रूची मान तुटून आत राहते. म्हणून आधी त्याच मापाचा लोखंडी स्क्रू आत घालून वाट करून घ्यायची, तो काढायचा, मग पितळी स्क्रूच्या आट्यांना मेण चोळून हलक्या हातानं बसवायचा. म्हणजे ४८ स्क्रू, ९६ वेळा आत, ४८ वेळा बाहेर. हिस्से या हिशेबानं करायचे का, असं मी विचारलं नाही. विचारायला हवं होतं.

जुन्या वस्तूंची आवड आहे असं एकदा तोंडातून गेलं की लोक आपल्याला माणूस समजत नाहीत, माळा समजतात. तीन पायांचं स्टूल येतं. पाठीचा मुलामा उडालेला आरसा येतो, वर "नुसता पुसून घे" हा सल्ला. तो मुलामा चांदीचा असतो, कडेनं ओल शिरली की काळा पडतो, आणि काचेवर फवारा मारून पुसला की पाणी ओघळून नेमकं तिथेच पोचतं. आरसा पुसायचा तर फडकं ओलं करायचं, काच नाही. भिंतीवर टांगायच्या आधी वजनही धरायचं: ५ मिलिमीटरची काच चौरस मीटरला साडेबारा किलो भरते, चौकट वेगळी. शिलाई मशीनचं बिडाचं, म्हणजे ओतीव लोखंडाचं, स्टँड येतं, एक पाय तडकलेला. बीड ठिसूळ, साध्या वेल्डिंगनं धरत नाही. त्यावर फळी टाकून मी लिहायचं टेबल केलं, तर येणारा प्रत्येक पाहुणा बसल्या बसल्या पायडल मारतो. चाक गरगरतं, कुणाचा तरी अंगठा मधे येतो, आणि माझ्याकडे बघितलं जातं. शेवटी पायडलपासून चाकापर्यंत जाणारा दांडाच सोडवून ठेवला. आता पायडल नुसतंच हलतं आणि पाहुणे म्हणतात, "बिघडलंय वाटतं."

मोडकी खुर्ची देतानासुद्धा आधी कोणीतरी त्यावर फेविकॉल ओतलेला असतो. जुने सांधे सरसाचे, म्हणजे जनावरांच्या हाडा-कातड्यापासून केलेल्या गोंदाचे असतात. गरम पाण्यानं, वाफेनं सरस सुटतो, सांधा मोकळा करून, खरवडून पुन्हा बसवता येतो. त्या सरसावर पांढरा गोंद ओतला की तो लाकडाला धरतच नाही, जुन्या सरसाला धरतो, आणि महिन्याभरात दोघं मिळून सुटतात. अर्ध्या तासाचं काम दोन दिवसांवर जातं. ओतणारा सांगतो, "मी बरंचसं करून दिलंय."

तर वर्तुळ. काका गेल्यावर मी कापसाचा गोळा जुन्या सुती कापडात बांधून पुरचुंडी केली, स्पिरिटचे चार थेंब टाकले आणि पिळून पिळून जवळजवळ कोरडी केली. मनगटाच्या आतल्या बाजूला लावली की गार लागावी, ओली लागू नये, इतपत. मग विमान धावपट्टीला चाटून जातं तशी डागावरून एकदा फिरवायची. थांबायचं नाही. क्षणभर थांबलात की लाख विरघळते, कापड चिकटतं आणि दहाच्या दहा हात उचकटून येतात. एक फटका, पाच मिनिटं वाट, दुसरा फटका. स्पिरिट थराला किंचित उघडतं, अडकलेली ओल उडून जाते. अकरा फटक्यांत अर्धं वर्तुळ गेलं. उरलेलं दुसऱ्या दिवशी काढायचं ठरवलं, कारण हात दमला की तो थांबतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी काकांचा फोन. घरातल्या गटावर टाकायला पेटीचा फोटो हवा होता. पाठवला. पाच मिनिटांत पुन्हा फोन.

"अगं, तो गोल अर्धाच दिसतोय."

"काढतेय काका. स्पिरिटनं. आज उरलेला जाईल."

पलीकडे थोडा वेळ शांतता. मोठा करून बघत असावेत.

"उरलेला आहे तो माझ्या कोपऱ्यात येतो ना गं?"

"हो."

"मग त्याला हात लावण्याआधी मला विचारायचंस."