तिसऱ्या मजल्यावरची खुर्ची

"तिकडं माझ्या पोराबद्दलही कुणीतरी असंच बोलत असणार, हे मला कळत नाही असं वाटतं का तुला? कळतं. म्हणून माझं दुखायचं थांबतं का?"

आमच्या इमारतीतल्या एका काकूंनी मला हे सुनावलं त्याला आता वर्ष होत आलं. विषय नेहमीचाच होता. वस्तीत बाहेरून आलेली माणसं वाढलीत, जिन्यात कानावर पडणारी भाषा समजत नाही, दाराबाहेर कुणाचे जोडे कुणाचे काही कळत नाही. मी लगेच माझं ठेवणीतलं उत्तर काढलं होतं, "काकू, तुमचा मुलगाही परदेशातच आहे ना?" मला वाटलं, जिंकलो. त्यावर हे वाक्य आलं आणि मी गप्प बसलो.

तेव्हापासून हा वाद कुठेही निघाला की मला काकू आठवतात. कारण या विषयावर आपण दोनच रेकॉर्ड वाजवतो. एक, "आपली वस्ती आपली राहिली नाही, ह्यांना आवरा." दुसरी, "बदल हा निसर्गनियम आहे, तुम्हीच मागासलेले." पहिलीत नव्या माणसाला गुन्हेगार ठरवलं जातं, दुसरीत जुन्याला. मी बरीच वर्षं दुसरी रेकॉर्ड वाजवत होतो. आता माझं मत असं झालंय की काकूंचं दुखणं खरं आहे, पण त्याचं निदान चुकतंय. आणि निदान चुकलं म्हणून दुखणंच नाही असं म्हणणारा डॉक्टर काही कामाचा नसतो.

निदान कसं चुकतं याचं माझ्या माहितीतलं सगळ्यात नेमकं उदाहरण म्हणजे लॉस एंजेलिसच्या पूर्वेला असलेलं मॉन्टरे पार्क. छोटंसं शहर. १९७०-८० च्या दशकांत तिथे तैवान आणि हाँगकाँगहून मोठ्या संख्येने चिनी कुटुंबं आली, दुकानांवर चिनी पाट्या लागल्या. चिडलेल्या लोकांपैकी कुणीतरी एका पेट्रोल पंपावर फलक लावला, त्याचा आशय असा की शेवटचा अमेरिकन माणूस गाव सोडून जाईल त्याने जाताना झेंडा बरोबर न्यावा. १९८६ मध्ये नगर परिषदेने इंग्रजीच्या बाजूने ठरावही केला, पुढे तो मागे घ्यावा लागला. बाहेरून बघणाऱ्याला वाटेल, सरळसरळ वंशद्वेष. होताच तो. पण त्याच लोकांच्या तक्रारी जरा नीट ऐकल्या तर दुसरंच काही कानावर येतं. बैठी घरं पाडून उठणाऱ्या इमारती, रस्त्यावरची गाड्यांची गर्दी, जमिनीचे चढलेले भाव, एकामागून एक उभी राहणारी दुकानसंकुलं. तक्रार करणाऱ्यांत मेक्सिकन आणि जपानी वंशाचे जुने रहिवासीही होते. म्हणजे अर्धा राग बिल्डरवर होता. पण बिल्डर रस्त्यावर दिसत नाही. पाटी दिसते. आणि पाटी चिनी भाषेत असेल तर फारच दिसते.

आमच्याकडेही तेच. काकूंच्या समोरच्या फ्लॅटमध्ये पूर्वी वीस वर्षं एकच कुटुंब राहत होतं. ते गेलं, मालकाने भाडं वाढवलं, आणि मग दोन वर्षांत तीन भाडेकरू झाले. अकरा महिन्यांचा करार करून येणारा माणूस तुमच्याच भाषेतला असला तरी तो ओळख कशाला वाढवेल? काकूंना खुपतं ते हे, की जिन्यात आता कुणी नावाने हाक मारत नाही. त्यांनी त्याला नाव दिलं "बाहेरचे". मी असतो तर कदाचित मीही तेच नाव दिलं असतं. भाडेकराराला शिव्या घालून मन हलकं होत नाही.

आता माझ्या बाजूच्या लोकांबद्दल. आमचं लाडकं उदाहरण म्हणजे लंडनमधली ब्रिक लेन. फूर्निए स्ट्रीटच्या कोपऱ्यावर १७४३ मध्ये बांधलेली विटांची इमारत आहे. फ्रान्समधून धर्मछळामुळे पळून आलेल्या ह्यूगनॉट विणकरांचं ते प्रार्थनागृह. (निर्वासित या अर्थाचा 'रेफ्युजी' हा शब्द इंग्रजीत या ह्यूगनॉटांबरोबरच आला.) पुढे १८१९ मध्ये ती मेथडिस्ट पंथाकडे गेली, १८९८ मध्ये तिथे पूर्व युरोपातल्या ज्यूंचं सिनेगॉग झालं आणि १९७६ मध्ये बांगलादेशींची मशीद. भिंतीवर वर एक छाया-घड्याळ आहे, त्यावर लॅटिनमध्ये दोन शब्द: 'उंब्रा सुमुस'. आपण सावली आहोत. या इमारतीचा फोटो टाकायचा, खाली "बघा, सगळं सामावून घेतलं जातं" असं लिहायचं, की आमचं काम झालं. मीही टाकलाय एकदा. लाइक भरपूर आले.

पण मधलं कोण सांगणार? ज्यू आले तेव्हा याच पूर्व लंडनमध्ये त्यांच्याविरुद्ध सभा झाल्या, आणि १९०५ मध्ये परकीयांना अडवणारा कायदा ब्रिटनने केला. १९३६ च्या ऑक्टोबरमध्ये तिथून जवळच केबल स्ट्रीटवर फॅसिस्ट पुढारी मोस्लेच्या काळ्या शर्टवाल्यांचा मोर्चा रोखायला हजारो लोक रस्त्यावर उतरले आणि पोलिसांशी त्यांची हाणामारी झाली. ४ मे १९७८ रोजी आल्ताब अली नावाचा तरुण बांगलादेशी कामगार कामावरून घरी जाताना मारला गेला. आज तिथल्या बागेला त्याचं नाव आहे. म्हणजे प्रार्थनागृहाचं सिनेगॉग आणि सिनेगॉगची मशीद आपोआप, ऋतू बदलावा तशी झाली नाही. प्रत्येक पिढीने किंमत मोजली, आणि बहुतेक वेळा ती नव्यानेच मोजली. "हळूहळू सगळं जमतं" असं म्हणणाऱ्याने हे 'हळूहळू' कुणाच्या अंगावरून गेलं तेही सांगायला हवं.

आणि गंमत बघा. आज त्याच भागात बंगाली दुकानदारांना धास्ती आहे ती भाडं परवडत नाही म्हणून उठावं लागण्याची. पैसेवाले वस्तीत आले की जुने गरीब बाहेर फेकले जातात, या प्रकाराला 'जेंट्रिफिकेशन' हे नाव रूथ ग्लास या समाजशास्त्रज्ञ बाईंनी १९६४ मध्ये लंडनकडे बघूनच दिलं होतं. शिकागोतल्या पिल्सन भागाचीही तीच गत. नाव चेक लोकांनी आपल्या प्लझेन शहरावरून ठेवलं, नंतर वस्ती मेक्सिकन झाली, भिंतीभिंतींवर चित्रं आली, आणि आता तिथले मेक्सिकन रहिवासी वाढत्या भाड्याबद्दल आणि नव्या चकचकीत शेजाऱ्यांबद्दल जे बोलतात ते काकूंच्या तोंडी शोभेल. कालचा उपरा आजचा मूळ रहिवासी होतो. त्याला यात विसंगती वाटत नाही, आणि मला वाटतं, वाटू नये. त्याचंही दुखतंच.

मग नेमकं कशाने दुखतं? संख्येने म्हणावं तर आकडे तसं सांगत नाहीत. स्वित्झर्लंडमध्ये २००९ साली मिनार बांधायला बंदी घालावी का यावर मतदान झालं. देशभरात मिनार होते चार. बंदीच्या बाजूने मतं पडली साडेसत्तावन्न टक्के. बंदी नाकारली ती जिनिव्हा, बासल शहर अशा मोजक्या कँटनांनी (म्हणजे तिथल्या प्रांतांनी), जिथे परदेशी माणूस रोज दिसतो. एवढं वाचून "बघा, ओळख नाही म्हणून भीती" असं म्हणायला मी तयारच होतो. पण इंग्लंडमधलं बॉस्टन आडवं येतं. शेतीवाल्या लिंकनशरमधलं हे छोटं गाव. २००४ नंतर तिथे भाजीपाल्याच्या शेतांत आणि पॅकिंगच्या कारखान्यांत काम करायला पोलंड, लिथुएनिया, लाटव्हियाहून माणसं आली, दहाएक वर्षांत परदेशात जन्मलेल्यांची संख्या कित्येक पट झाली. २०१६ च्या ब्रेक्झिट मतदानात इथल्या ७५.६ टक्के लोकांनी बाहेर पडायला कौल दिला, देशात सगळ्यात जास्त. तिथे नवी माणसं समोरच होती, रोज दिसत होती. त्याउलट शेकडो वर्षं माणसं रिचवत आलेल्या लंडनने जवळपास साठ टक्के मतं राहण्याच्या बाजूने टाकली. मला यातून दिसतो तो वेग. शंभरात तीस बाहेरचे असणं आणि शंभरात दोनाचे दहा वर्षांत पंधरा होणं, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. शाळेत जागा, दवाखान्यात नंबर, भाड्याची खोली, या गोष्टी त्या वेगाने वाढत नाहीत. रांग लांबली की रांगेतला नवा चेहरा आधी डोळ्यात भरतो.

रॉबर्ट पुटनम या अमेरिकन अभ्यासकाने २००७ मध्ये एक निष्कर्ष मांडला, तो दोन्ही बाजूंच्या माझ्या मित्रांना पुरा आवडत नाही. सुमारे तीस हजार लोकांच्या पाहणीवरून त्यांना दिसलं की जिथे निरनिराळ्या वंशांचे लोक एकत्र राहतात तिथे माणसं परक्यावरच काय, आपल्यातल्या माणसावरही कमी विश्वास ठेवतात. कासवासारखी अंग आत ओढून घेतात. 'बाहेरचे नकोत'वाले इथेच थांबतात. पुटनम पुढे असंही म्हणाले की हे सुरुवातीचं चित्र आहे, काळ जाईल तशी 'आपण'ची व्याख्या रुंदावते. २०१५ मध्ये आबास्काल आणि बाल्दासारी या दोन संशोधकांनी तीच आकडेवारी पुन्हा तपासली, तर विश्वास खाली ओढणाऱ्या गोष्टींत गरिबी आणि घराची अस्थिरता यांचा वाटा मोठा निघाला. पुन्हा आपण भाडेकरारापाशीच आलो.

एक प्रयोग घरी करून बघा. मी भाचीला घेऊन केला. बुद्धिबळाच्या पटावर दोन रंगांच्या सोंगट्या वाटेल तशा मांडायच्या, काही घरं रिकामी ठेवायची. नियम एकच: आपल्या आजूबाजूच्या शेजाऱ्यांत निदान एक तृतीयांश आपल्या रंगाचे हवेत, नसतील तर सोंगटीने उठून रिकाम्या घरात जायचं. म्हणजे सोंगटी द्वेष्टी नाही, दोन तृतीयांश परके तिला चालतात. अर्ध्या तासात पट दोन रंगांच्या गठ्ठ्यांत फाटला. भाचीला वाटलं मी काहीतरी लबाडी करतोय, तिने पुन्हा मांडायला लावला. पुन्हा तेच. थॉमस शेलिंग यांनी हे १९७१ मध्ये दाखवून दिलं होतं, पुढे २००५ मध्ये त्यांना अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं (ते मुख्यतः दुसऱ्या कामासाठी). वस्ती दुभंगायला गावभर दुष्ट माणसं लागतात असं नाही. "चार आपले असले की बरं" एवढं वाटणंही पुरतं.

म्हणून सरकारने ढवळाढवळ करावी का? सिंगापूरने १९८९ पासून सरकारी घरांच्या प्रत्येक इमारतीत चिनी, मलय, भारतीय यांचं कमाल प्रमाण ठरवून टाकलंय, आणि तिथे बहुसंख्य लोक सरकारी घरांतच राहतात. सोंगट्यांचे गठ्ठे होत नाहीत हे खरं. पण कोटा भरलेल्या इमारतीत अल्पसंख्याक माणसाला घर विकायचं झालं तर गिऱ्हाईक थोडी मिळतात आणि भावही कमी येतो. डेन्मार्कने २०१८ मध्ये वेगळी वाट धरली. काही वस्त्यांना कायद्यानेच 'घेट्टो' म्हटलं, आणि ते ठरवायच्या निकषांत 'बिगर-पाश्चात्त्य' मूळ हाही एक. तिथल्या एक वर्षाच्या मुलालाही आठवड्याला २५ तास पाळणाघरात पाठवणं सक्तीचं. मला सिंगापूर कडक वाटतं, पण निदान सगळ्यांना एक नियम आहे. डेन्मार्क मला पटत नाही. शेजाऱ्याच्या दारावर आधी 'संशयित' अशी चिठ्ठी चिकटवायची आणि मग त्याला म्हणायचं, चल, मिसळ.

नव्यांनी काही करायचंच नाही, असं माझं म्हणणं नाही. राहतो तिथली भाषा शिकावी, आणि लवकर शिकावी. त्यात कमीपणा नाही. पण रात्री दहाला कामावरून येणाऱ्याने कुठे आणि कधी शिकायची, हेही बघायला हवं. आणि ज्याला आपण 'संस्कृतीचा प्रश्न' म्हणतो त्यातला निम्मा कचरा, पार्किंग आणि रात्रीचा आवाज असतो. त्यासाठी संस्कृतीला वेठीला धरायची गरज नाही.

विविधतेचे मेळावे, एकमेकांच्या वेशात फोटो वगैरे प्रकारांवर माझा विश्वास उरलेला नाही. गॉर्डन ऑलपोर्ट या मानसशास्त्रज्ञाने १९५४ मध्येच म्हटलं होतं की नुसतं आमनेसामने येऊन पूर्वग्रह जात नाहीत. दोघांचा दर्जा सारखा हवा, काम एकच हवं, ते मिळून करावं लागावं आणि वरच्यांचा त्याला पाठिंबा हवा. आमच्या इमारतीत यातल्या पहिल्या तीन अटी लिफ्टने पुऱ्या केल्या. ती बंद पडली. चांगली दोन आठवडे.

काकू पाचव्या मजल्यावर, गुडघे दुखरे. तिसऱ्या मजल्यावर एक 'बाहेरचं' कुटुंब, त्यांच्याकडे सात महिन्यांची गरोदर सून. दुसऱ्या दिवशी तिसऱ्याच्या वळणावर त्यांनी एक प्लास्टिकची खुर्ची आणून ठेवली. सून वर-खाली करताना तिथे टेकायची, काकूही टेकायला लागल्या. भाषा दोघींची वेगळी, तेव्हा बोलणं काय झालं असेल ते असो. लिफ्टवाल्याला फोनवर झापायचं काम मात्र काकूंनी दोघींच्या वतीने केलं, ते मी चौथ्या मजल्यावरून ऐकलं.

काकूंचं मत बदललं असं समजू नका. "वस्ती पूर्वीसारखी राहिली नाही" हे त्या आजही म्हणतात, आणि मी आता उलट उत्तर देत नाही. लिफ्ट सुरू झाली, खुर्ची तिथेच राहिली. मग कमिटीने नोटीस लावली की जिन्यात सामान ठेवू नये, अन्यथा उचलून नेण्यात येईल. चारच दिवसांत नोटिशीशेजारी वहीच्या पानावरचं हाताने लिहिलेलं पत्र चिकटवलेलं दिसलं. खुर्ची हे सामान नसून सोय आहे, तिला हात लावू नये. अक्षर काकूंचं. खाली दोन सह्या आहेत, त्यातली एक मला वाचता येत नाही.