बोरमाळेची पावती

आज सकाळी सव्वानऊला आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर एक फोटो आला. गेटच्या कॅमेऱ्यातला. दोन बायका, सात-आठ वर्षांचं एक पोरगं, पाठीवर पोती. खाली मजकूर होता, 'पारधी टोळी आपल्या भागात फिरत आहे. दिसल्यास ताबडतोब ११२ ला कळवा. सगळ्या ग्रुपवर पाठवा.' दहा मिनिटांत बावीस जणांनी अंगठे दिले. त्यातले निम्मे तरी माझ्या इथल्या मित्रयादीत आहेत, म्हणून इथेच लिहितेय. लांब होईल, पण वाचा.

मी खाली उतरले तोवर बीट मार्शलची मोटरसायकल आली होती. बायकांना वॉचमनच्या केबिनला लागून उकिडवं बसवलं होतं. पोती फरशीवर उलटी केली होती. पाण्याच्या बाटल्या, पुठ्ठे, एक फुटकी बादली आणि एक कुकर, काळ्या मुठीचा, आतली रिंग गेलेला. थोरली बाई पोराला त्यांच्या भाषेत काहीतरी म्हणाली, तर लगेच "ए, मराठीत बोल!" घाबरलेल्या लेकराला धीर द्यायचा तोही मराठीतच द्यायचा. मग मार्शलने बुटाच्या टोकाने कुकर हलवला आणि विचारलं, "हा कुठून उचलला? पावती आहे का?"

पावती. तो शब्द ऐकला आणि माझ्या पोटात कालवलं. मी म्हणाले, "तो कुकर माझा आहे. मीच मंगळवारी कचऱ्याच्या डब्याशेजारी ठेवला होता." तो म्हणाला, "बरं मॅडम." संपलं. दोन मिनिटांत बायका बाटल्या गोळा करून निघून गेल्या. आभार वगैरे काही मानले नाहीत, आणि का मानावेत?

आता खरं सांगते. तो कुकर माझाच होता की नाही, मला नक्की माहीत नाही. मी ठेवलेल्या कुकरची मूठ काळी होती, पण तशा मुठीचे कुकर आमच्या बिल्डिंगमध्ये घरोघरी असतील. मला स्वतःला खात्री नव्हती, तरी मी ठामपणे बोलले आणि माझ्याकडे पावती कुणी मागितली नाही.

१९९० साल. मी सातवीत. नगर जिल्ह्यातलं आमचं तालुक्याचं गाव. आजीची बोरमाळ हरवली. आत्याकडे कार्यक्रमाला जायचं म्हणून काढायला गेली, तर डब्यात नाही. घर उलटंपालटं केलं आणि दादा, म्हणजे माझे वडील, ठाण्यात गेले. दादा शाळेत शिक्षक, गावात शब्दाला मान. जमादाराने त्यांना खुर्ची दिली, बोरमाळ किती तोळ्यांची ते विचारलं, लिहून घेतलं. दादांनी कुणाचं नाव घेतलं नव्हतं, हे मला पक्कं माहीत आहे. घ्यायची गरजच नव्हती. ओढ्यापलीकडे पारध्यांची पाच-सहा पालं पडली होती. त्याच रात्री माझ्या वर्गातल्या एका मुलीच्या वडिलांना उचललं.

तिचं नाव मी लिहिणार नाही. ती कुठेतरी असेल, नातवंडंही झाली असतील. तिचं आणि माझं आडनाव एकच होतं. पवार, भोसले, काळे, चव्हाण, शिंदे ही आडनावं पारध्यांतही आहेत, हे कितीजणांना माहीत आहे? हजेरी घेताना नवीन बाई गोंधळल्या, तर मागून कुणीतरी म्हणालं, "बाई, ही आपली, ती पारध्याची." तेव्हापासून वर्गात तिचं नावच 'पारध्याची' पडलं. मीही तेच म्हणायचे. ती माझ्या मागे बसायची आणि तिचं अक्षर माझ्याहून चांगलं होतं.

सहाव्या दिवशी आईला बोरमाळ सापडली. लोखंडी पेटीत, इरकली लुगड्याच्या घडीत. आजीनेच ठेवली होती आणि विसरली होती. आई मटकन खालीच बसली. त्यानंतर घरात त्यावर कुणी बोललं नाही. दादांनी ठाण्यात जाऊन सांगितलं की नाही, हेही मला कधी कळलं नाही. आठव्या दिवशी तिचे वडील सुटून आले. बाजारच्या दिवशी मी त्यांना पाहिलं, काठी टेकत चालले होते. ती सोबत होती. माझ्याकडे बघून एवढंच म्हणाली, "भावाचं वाळं नेलं. पावती नव्हती."

तिच्या धाकट्या भावाच्या पायातलं चांदीचं वाळं. पालात झडती घेतली तेव्हा सापडलं, म्हणून चोरीचं. आमच्या बोरमाळेची तरी पावती कुठे होती? आजीच्या आईने गावच्या सोनाराकडून मणी ओवून घेतलेले. आमची वस्तू आमची आहे हे सांगायला दादांचं तोंड पुरेसं होतं. त्यांची वस्तू त्यांची आहे याला कागद हवा, आणि तो पालात, पावसापाण्यात, गाढवाच्या पाठीवर जपून ठेवायला हवा.

जमादाराच्या डोक्यात हे आलं कुठून? इंग्रजांनी १८७१ साली कायदा केला आणि अख्ख्या जमातीच्या जमाती जन्मानेच गुन्हेगार ठरवल्या. मूल पोटात असताना त्याचा गुन्हा ठरलेला. हजेरी द्यायची, परवान्याशिवाय गाव सोडायचं नाही. सोलापुरात तारेच्या कुंपणाआड वसाहत केली, त्या भागाला आजही सेटलमेंटच म्हणतात. देश १९४७ ला सुटला, ही माणसं ३१ ऑगस्ट १९५२ ला. पाच वर्षं सोळा दिवस उशिरा. म्हणून त्यांना विमुक्त जमाती म्हणतात. मग १९५९ मध्ये आपल्याकडे सराईत गुन्हेगारांचा कायदा आला. कागदावर जात नव्हती, ठाण्यातल्या माणसांच्या तोंडी मात्र राहिली. माझे दादा १९४४ चे. म्हणजे तो जुना कायदा पुस्तकातला इतिहास नव्हे, माझ्या वडिलांच्या बालपणात तो चालू होता. आणि शिकार हा ज्यांचा पिढीजात धंदा, पारध करतो तो पारधी, त्यांच्यावर १९७२ च्या वन्यजीव कायद्याने शिकारीलाही बंदी घातली. वन्यजीव वाचायला हवेत, मान्य. पण तितर-लाव्हे धरणाऱ्याने उद्यापासून काय खायचं, याचा विचार कुणी केला?

हो, त्यांच्यातले काही चोऱ्या करतात. माझ्या मामाच्या वस्तीवर दरोडा पडला होता, मामीचे कान ओरबाडले होते, मी ते टाके पाहिलेत. पण आमच्या आडनावाच्या एका माणसाने पतसंस्था बुडवली, तेव्हा माझ्या दादांना कुणी रात्री उचललं नाही.

पेपरात ती बातमी वाचता ना तुम्ही? 'दरोड्याच्या तयारीतील टोळी जेरबंद, मिरचीपूड, दोरी, कटावणी जप्त.' गावाचं नाव बदलतं, मिरचीपूड तीच. मिरचीपूड कुणाच्या घरात नसते? उघड्यावर राहणाऱ्या माणसाकडे दोरी नसेल तर पाल बांधायचं कशाने? ही बातमी मीही वर्षानुवर्षं वाचली आणि पान उलटलं. आज मला त्याची लाज वाटते आहे.

मे २०२० मध्ये अमेरिकेत मिनियापोलिसला जॉर्ज फ्लॉइड या कृष्णवर्णीय माणसाच्या मानेवर पोलिसाने नऊ मिनिटांहून जास्त वेळ गुडघा रोवला, त्यात तो गेला. आपण सगळे हळहळलो. २ जूनला निषेध म्हणून सोशल मीडियावर काळे चौकोन लावले, मीही लावला, आणि मनापासून लावला. ते सगळं सुरू कशावरून झालं होतं, आठवतंय? वीस डॉलरच्या एका नोटेवरून. दुकानातल्यांना ती खोटी वाटली. खोटी नोट तुमच्या-माझ्या हातात आली, तर दुकानदार म्हणतो, "ताई, ही चालणार नाही, दुसरी द्या." एवढंच. तिथे रंग बघतात, इथे पाल आणि पोती बघतात. बाकी मला त्या नोटेत आणि त्या वाळ्यात काही फरक दिसत नाही.

दुपारी ग्रुपवर मी हे थोडक्यात लिहिलं. उत्तर आलं, 'ते लोक मिसळतच नाहीत, कायम टोळीने राहतात, मग संशय येणारच.' लिहिणारे काका सज्जन आहेत. माझ्या ऑपरेशनच्या वेळी रात्री दोनला त्यांनी गाडी काढली होती. म्हणून शांतपणे उत्तर द्यायचा प्रयत्न करते.

काका, आपण कुठे मिसळतो? मी २००३ ला पुण्यात आले, तेव्हा पहिल्यांदा नगरकडची मेस शोधली. त्या काकू श्रीगोंद्याच्या होत्या. त्यांच्या शेंगोळ्यांना माझ्या घराची चव होती आणि मी 'काहून' म्हणाले की त्या हसायच्या नाहीत. आपल्या बिल्डिंगच्या पाट्या वाचा खालपासून वरपर्यंत. किती वेगळी आडनावं सापडतात? माणूस आपल्यासारख्यांत जातो, कारण तिथे आपण कोण हे सांगावं लागत नाही. आपला शब्द तिथे चालतो. यात पाप काही नाही. पण आपण एकत्र राहिलो की सोसायटी, ते राहिले की टोळी?

आणि त्यांचं एकत्र राहणं चवीसाठी नसतं. माझ्या वर्गातल्या त्या मुलीला मी एकदा विचारलं होतं, तुमची पालं इतकी चिकटून का असतात? ती म्हणाली, "एकट्या पालातनं रात्री कुणाला नेलं तर सांगणार कोण?" बारा वर्षांची पोर. तेव्हा मला ते समजलं नव्हतं, नेलं म्हणजे कुणी नेलं हेसुद्धा. माझ्या डोळ्यांसमोर लांडगा आला होता.

त्यांच्या जातपंचायतीत बायकांचे किती हाल होतात, मला माहीत आहे. एकजुटीतली घाण मी झाकणार नाही. पण ज्याला ठाण्यात न्याय मिळत नाही, तो पंचांसमोरच बसणार.

आणि ते 'सगळ्या ग्रुपवर पाठवा'! राग येतो तो याचा. १ जुलै २०१८. धुळे जिल्ह्यात साक्री तालुक्यातलं राईनपाडा. बाजारचा दिवस. मंगळवेढ्याकडचे पाच जण, नाथपंथी डवरी गोसावी, पिढ्यान्‌पिढ्या भिक्षा मागत हिंडणारे. मुलं पळवणारी टोळी आली, असा मेसेज फिरत होता. त्या पाचही जणांना ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडून ठेचून मारलं. तो मेसेज कुणीतरी काळजीपोटीच पाठवला असेल. पुढे पाठवणाऱ्या प्रत्येकाला आपण कुणाचं तरी लेकरू वाचवतोय असं वाटलं असेल. आज सकाळी बावीस अंगठ्यांतल्या एकाला तरी राईनपाडा आठवायला हवं होतं. एकाला! गेटवर आज जमाव नव्हता, नुसता वॉचमन होता, एवढ्यावर ते पोरगं सुखरूप घरी गेलं.

पोलिसांवर ताण असतो, माणसं कमी, ड्युटी चोवीस तास, ठीक आहे. आजचा मार्शल पोरगेलासा होता, त्याने हात उगारला नाही, हेही नोंदवते. पण सर्वोच्च न्यायालयाने ३ ऑक्टोबर २०२४ च्या निकालात सांगितलंय की विमुक्त जमातीच्या माणसांना मनमानी अटक होता कामा नये. तुरुंगाच्या रजिस्टरमधला जातीचा रकानाही काढायला सांगितला. तो निकाल गेटपर्यंत पोहोचायला अजून किती दिवस लागणार?

अमरावती जिल्ह्यात मंगरूळ चव्हाळ्याला एका फासेपारधी शिक्षकाने स्वतःची नोकरी सोडून आपल्या लोकांच्या मुलांसाठी शाळा काढली. शाळेचं नाव 'प्रश्नचिन्ह'. शाळेला हे नाव द्यावंसं वाटणाऱ्या माणसाने काय काय पाहिलं असेल, याचा मी आज दिवसभर विचार करतेय. माझ्या वर्गातली ती सातवीनंतर शिकली नाही. दिवाळीच्या आधीच ओढ्यापलीकडची पालं उठली. बाईंनी तिचं नाव आणखी महिनाभर हजेरीत पुकारलं, मग लाल शाईने रेघ मारली.

इथवर लिहिलं आणि थांबले. जेवणं उरकली. मग दादांना फोन लावला, इतक्या वर्षांत पहिल्यांदाच हा प्रश्न घेऊन. ती बोरमाळ आता माझ्याकडे आहे. आजी गेली तेव्हा वाटणीत आली, आणि मी ती एकदाही घातलेली नाही. का घालत नाहीस, हे दादांनीही कधी विचारलं नाही. विचारलं, "दादा, बोरमाळ सापडल्यावर तुम्ही ठाण्यात सांगितलं होतं का?"

बराच वेळ नुसता पंख्याचा आवाज येत होता. मला वाटलं, ऐकू गेलं नाही.

मग म्हणाले, "सांगितलं होतं गं. त्याच दिवशी गेलो होतो सायकलवर. जमादार म्हणाला, 'असू द्या गुरुजी. हे नाही तर दुसरं काहीतरी केलेलं असेलच त्याने.'"

"मग तुम्ही काय म्हणालात?"

"चहा मागवला होता त्याने. तो घेतला आणि आलो."