फळांवरच्या मेणाचा फॉरवर्ड आणि घासलेली डाळिंबं

व्हिडिओत मार्केट यार्डातल्या एका गाळ्यावर कुणीतरी सफरचंद चाकूने खरवडतो, पांढरा कीस निघतो, त्याला लायटर लावला की तो वितळतो. खाली मजकूर असा: निर्यातीच्या फळांना प्लॅस्टिकचं मेण लावतात, ते पोटात वितळून आतड्याला चिकटतं, कॅन्सर होतो. चांगला माल परदेशात, मेणाचा कचरा आपल्याला. चकचकीत फळ घेऊ नका, वर राखाडी भुकटी असलेलं घ्या, ते नैसर्गिक. घरी आणल्यावर भांड्यांच्या साबणाने घासा. आमच्या घरच्या ग्रुपवर हे आलं आणि आत्याने डाळिंबं खरोखरच घासली. आता लिहिणं भाग आहे.

आधी भुकटीचा मुद्दा, कारण बाकीचा नुसता वेडेपणा आहे, हा घातक आहे. आंब्याच्या पेटीत कागदाच्या पुडीत कार्बाइडचे खडे ठेवतात. ओलाव्याने त्यातून ॲसिटिलीन वायू सुटतो, साल पिवळी होते आणि आत फळ कच्चंच राहतं. पुडी फुटली की मागे उरलेल्या चुन्याची राखाडी-पांढरी पूड सालीवर बसते. बाजारातल्या कार्बाइडमध्ये आर्सेनिक आणि फॉस्फरसचे अंश असतात, म्हणून फळं पिकवायला ते वापरण्यावर अन्नसुरक्षा नियमांनी बंदी आहे. म्हणजे फॉरवर्ड लोकांना ज्या फळापासून दूर ठेवायला हवं, नेमकं तेच हातात देतोय! (द्राक्षाच्या मण्यावरचा पांढुरका थर वेगळा, तो वेलीवरच येतो. आंब्यावरची भुकटी म्हणजे द्राक्षावरचा थर नव्हे.)

लायटरचा प्रयोग. मेण तापवलं की वितळणारच, त्यात सिद्ध काय झालं? काहीच न लावलेलं, झाडावरून तोडलेलं सफरचंद खरवडलं तरी चाकूला मेण लागतं, कारण ते फळ स्वतःच बनवतं. मधमाश्यांचं मेण साधारण ६२ ते ६४ अंशांना वितळतं, कार्नोबा (एका ताडवर्गीय झाडाच्या पानांचं मेण) ८२ ते ८६ अंशांना. पोटात ३७ अंश असतात. तिथे ते वितळून चिकटणार कसं? बहुतांशी न पचता बाहेर पडतं. आणि विकतच्या फळावर कधीकधी दिसणारा तो पांढुरका पापुद्रा? कोल्ड स्टोरेजमधून फळ बाहेर काढलं की त्यावर पाणी सुटतं आणि त्या ओलाव्याने शेलॅकचा, म्हणजे लाखेचा, लेप पांढरा पडतो. दिसायला वाईट, बाकी काही नाही.

लेप लावतातच कशाला, हे फॉरवर्डवाल्याला विचारायचं सुचलं नाही. तोडलेलं फळ श्वास घेत राहतं आणि पाणी गमावत राहतं. पॅकहाऊसमध्ये, म्हणजे फळं निवडून खोक्यांत भरतात तिथे, धुताना, ब्रशवर फिरताना त्याचं स्वतःचं मेण बरंचसं निघून जातं. डाळिंबाचं तर दाणे आत उत्तम असताना साल सुकून चामड्यासारखी होते आणि बोटीतून उतरलेला माल ग्राहक नाकारतो. म्हणून धुतलेलं फळ आधी पंख्याखाली पूर्ण कोरडं करायचं, मग फिरत्या मऊ ब्रशवर मेणाच्या पातळ इमल्शनची (पाण्यात घोटलेल्या मेणाची) फवारणी, मग पुन्हा वाळवण. ओल्या फळावर फवारलं तर लेप डागडागांनी बसतो. आणि जाड बसला तर खरी पंचाईत: ऑक्सिजन आत जात नाही, फळ आतल्या आत आंबायला लागतं, दारूसारखा वास येतो, आंबा हिरवाच राहून चव बिघडते. शेलॅक चकाकी छान देतं पण वायू कोंडतं, म्हणून आंब्याला कार्नोबा बरं. जाड थराचा पहिला फटका निर्यातदाराच्या खिशाला बसतो, त्यामुळे किलोकिलोने मेण थापायची हौस कुणालाही नसते.

कायद्याचं म्हणाल तर भारताच्या २०११ च्या अन्नसुरक्षा नियमांत मूळ नियमच असा आहे की ताजं फळ मेण, खनिज तेल आणि रंग यांच्या लेपाविना विकावं. अपवाद म्हणून मधमाश्यांचं मेण, कार्नोबा आणि शेलॅक यांना नावानिशी परवानगी आहे, तीही गरजेपुरत्या प्रमाणात आणि लेबलवर लिहून. युरोपातही हीच तीन मेणं ई-९०१, ई-९०३ आणि ई-९०४ या खाद्य-मिश्रकांच्या क्रमांकांनी फळांच्या सालीला चालतात. त्यामुळे "त्यांना स्वच्छ, आपल्याला मेणाचं" हे उलटंच आहे. लेपाची गरज लांबच्या प्रवासाला जास्त.

आता जे खरं आहे ते नाइलाजाने मान्य. लेबलचा नियम हातगाडीवर कुणी पाळत नाही. खोक्यावर लिहिलेलं सुट्या फळाबरोबर येत नाही. परवानगी नसलेलं स्वस्त पॅराफिन (खनिज तेलापासूनचं मेण) फासणारे महाभाग असू शकतात. लिंबूवर्गीय फळांच्या मेणात काही देशांत इमॅझालिलसारखं बुरशीनाशक मिसळतात, तेव्हा आयात संत्र्याची साल किसून केकमध्ये घालू नये. अमेरिका-युरोपात ऑक्सिडाइज्ड पॉलिइथिलीनचं मेणही काही फळांच्या सालीला चालतं, "प्लॅस्टिक" बहुधा तिथून आलं असावं. आणि शेलॅक लाखेच्या किड्यापासून येतं, कडक शाकाहारी माणसाने त्याला हरकत घेतली तर ती रास्त आहे. पण यातलं एकही फॉरवर्डमध्ये नाही.

मेणाने फळ निर्जंतुक होतं, असाही एक उपदावा फिरतो. होत नाही. किडीसाठी वेगळा उपाय असतो: फळमाशीची अंडी-अळ्या मरावीत म्हणून युरोपला जाणारा आंबा ४८ अंशांच्या पाण्यात ६० मिनिटं ठेवतात. ते आधी, मग गार करणं, कोरडं करणं आणि लेप सगळ्यात शेवटी.

राहिला साबण. तो भांड्यांसाठी आहे. देठाच्या खळग्यात आणि डाळिंबाच्या मुकुटात तो अडकतो, तिथून धुऊन निघत नाही. वाहत्या नळाखाली हाताने चोळा, कोरड्या फडक्याने पुसा, आणि हे खायच्या वेळी करा. आणल्या आणल्या सगळी घासून ठेवलीत तर लेप जाईल आणि चार दिवसांत साल सुरकुतेल. आत्याची डाळिंबं याच आठवड्यात संपवावी लागणार.