चार दिवस कुणाचे मोजायचे?

नमस्कार ताई,

प्रतिक्रिया सडेतोड आहे, म्हणून उत्तरही सविस्तर देतो. तुमचं म्हणणं असं: पुरळ उठल्यावर चार दिवसांनी गोवराचा संसर्ग पसरत नाही, हे लेखात मीच लिहिलं. मग जाऊबाईंच्या थोरल्याचं पुरळ मावळल्यावरही सात महिन्यांच्या बाळाला तिथे बोरन्हाणाला नेऊ नका, हा सल्ला म्हणजे उगाच घाबरवणं आणि नात्यात वितुष्ट आणणं.

चार दिवसांचं खरं आहे, पण ते थोरल्यापुरतं. त्याच्या धाकट्या बहिणीलाही लस दिलेली नाही, हे तुम्हीच लिहिलंय. घोडं अडतंय ते तिच्यापाशी.

तारखा मांडून बघा. थोरल्याला पुरळ उठलं १० जानेवारीला. पुरळाच्या आधीचे चार आणि नंतरचे चार दिवस धरले तर ६ ते १४ तो संसर्ग पसरवत होता, आणि धाकटी त्याच घरात होती. लस न घेतलेली, जवळ वावरणारी दहा माणसं असतील तर त्यातल्या नऊ जणांना गोवर होतो. संसर्गापासून पुरळापर्यंत साधारण दोन आठवडे जातात. कधी ७ दिवस, कधी २१. समजा तिला २० तारखेला पुरळ उठणार आहे. मग १६ पासूनच तिच्याकडून विषाणू पसरतोय. तेव्हा दिसतं काय? ताप, वाहतं नाक, खोकला, लालसर डोळे. घरचे म्हणतात, थंडीची सर्दी. तुम्ही धरलीय १८ तारीख. ह्याहून वाईट दिवस शोधून सापडायचा नाही.

बाळाला दुसऱ्या खोलीत ठेवू, असंही तुम्ही म्हणता. गोवराचा विषाणू माणूस निघून गेल्यावरही हवेत दोन तासांपर्यंत टिकतो. शिवाय बोरं-चुरमुरे वेचायला धाकटी थांबेल का?

म्हणून १४ मध्ये २१ मिळवा: ४ फेब्रुवारी. तोवर धाकटीला काहीच झालं नाही तर ५ पासून खुशाल जा. मध्येच पुरळ उठलं तर तिच्या पुरळापासून चार दिवस मोजा. घरात लस न घेतलेलं आणखी कुणी असेल तर त्याचे २१ दिवस तिथून पुढे. बोरन्हाण पुढच्या संक्रांतीलाही घालता येतं.

बाळाची पहिली एमआर (गोवर-रुबेला) लस नऊ महिने पूर्ण झाल्यावर असते. २०२२ च्या अखेरीस मुंबईत उद्रेक झाला तेव्हा काही भागांत ती सहा महिन्यांपासून देण्याचं ठरलं, पण ती मात्रा जादाची. नऊ महिन्यांची आणि १६ ते २४ महिन्यांमधली चुकत नाही.

नातं तुटायचं काही कारण नाही. ज्यांच्या दोन मात्रा झाल्यात किंवा लहानपणी गोवर येऊन गेलाय, त्यांनी बाळाला घरी ठेवून जरूर जावं. मऊ भात, वरण न्यावं. अ जीवनसत्त्वाचे लागोपाठ दोन दिवसांचे डोस मुलाला मिळाले का, हे जाऊबाईंना विचारावं. हे बऱ्याचदा राहून जातं.

आणि बाळाला घेऊन आधीच जाऊन आला असाल तर सर्दीची वाट बघू नका. सहा महिन्यांपुढच्या बाळाला संपर्कानंतर ७२ तासांत लस देता येते. ती वेळ टळली तर सहा दिवसांच्या आत इम्युनोग्लोब्युलिनचा, म्हणजे तयार प्रतिपिंडं देण्याचा, पर्याय असतो, तो डॉक्टर ठरवतील. दवाखान्यात शिरण्याआधी मात्र फोन करा, वेटिंगमध्ये इतरांचीही तान्ही बाळं असतात.