पेटंट रद्द झाले म्हणून चाचणी खोटी ठरत नाही

एका रोगनिदान चाचणीचे पेटंट अपिलात टिकले नाही, कारण तिची पद्धत आधीच ज्ञात होती; म्हणजेच न्यायालयाने चाचणी खोटी ठरवली, कंपनीने ती चोरली होती, आणि पेटंट देऊन सरकारने तिच्या अचूकतेची खोटी हमी दिली, असा मजकूर सध्या सर्वत्र फिरत आहे. तो वाचून माझ्या मावशीने थायरॉइडची ठरलेली टीएसएच चाचणी रद्द केली, त्यामुळे त्याकडे दुर्लक्ष करणे आता शक्य नाही.

चाचणी खोटी ठरल्याचा दावा सर्वांत घातक आहे आणि हास्यास्पदही. प्रायर आर्टच्या, म्हणजे अर्जापूर्वीच ज्ञात असलेल्या माहितीच्या वादात प्रश्न इतकाच असतो की, अर्जापूर्वी ही पद्धत कोणी जाहीर केली होती का, किंवा उपलब्ध माहितीवरून ती जाणकाराला सहज सुचली असती का. हायब्रिटेक विरुद्ध मोनोक्लोनल अँटिबॉडीज हा दोन कंपन्यांमधला अमेरिकी खटला पाहावा. मोजायचा घटक दोन मोनोक्लोनल (म्हणजे एकाच पेशीवंशातून मिळालेल्या, तंतोतंत एकसारख्या) प्रतिपिंडांच्या मध्ये पकडणाऱ्या ‘सँडविच’ चाचणीचा तो वाद होता (टीएसएचसुद्धा आज बहुधा याच तत्त्वावर मोजतात). मिश्र प्रतिपिंडे वापरणाऱ्या सँडविच चाचण्या आधीपासून होत्या आणि मोनोक्लोनल प्रतिपिंडे तयार करण्याची रीत कोहलर व मिलस्टाइन या शास्त्रज्ञांनी १९७५ मध्येच प्रसिद्ध केली होती. तेव्हा या दोहोंची सांगड घालण्यात नवे काय, हेही एक कारण देत जिल्हा न्यायालयाने १९८५ मध्ये पेटंट अवैध ठरवले. १९८६ मध्ये फेडरल सर्किटच्या अपील न्यायालयाने तो निकाल फिरवला. मजकुराचा तर्क लावला, तर ही चाचणी एका वर्षी खोटी होती आणि दुसऱ्या वर्षी, तिच्यात काडीचाही बदल न होता, खरी झाली! शिवाय पेटंट अवैध असल्याचे सांगणारी प्रतिवादी कंपनी स्वतःच अशा चाचण्यांचे किट विकत होती. चाचणी निरुपयोगी ठरवण्यात तिचा कोणता लाभ होता?

चोरीच्या आरोपाबाबत एवढे नाइलाजाने मान्य करतो की, कंपन्या पेटंटमधील दावे (आपला हक्क कशाकशावर आहे, हे सांगणारी कलमे) शक्य तितके व्यापक लिहितात आणि प्रतिस्पर्ध्यांना दूर ठेवण्यासाठी ते वापरतात. असे दावे अपिलात छाटले गेले तर ते योग्यच होय. मात्र जुना शोधनिबंध कधीही न वाचता स्वतंत्रपणे तोच शोध लावणाऱ्याचेही पेटंट त्या निबंधामुळे जाऊ शकते, आणि त्याला चोरी म्हणत नाहीत. पेटंट गेल्यावर ती चाचणी बंद पडत नाही. उलट, आड येणारे दुसरे पेटंट नसेल, तर इतरांनाही ती बनवता येते.

सरकारी हमीचा मुद्दा फार वेळ देण्याजोगा नाही. पेटंट म्हणजे इतरांना रोखण्याचा मुदतीचा हक्क. त्यातून विक्रीची परवानगीसुद्धा मिळत नाही. अमेरिकेत निदान किटची तपासणी एफडीए (अन्न व औषध प्रशासन) करते, पेटंट कार्यालय नव्हे. चाचणीने किती आजारी अचूक ओळखले आणि किती निरोगी लोकांना चुकून आजारी ठरवले, हे पाहूनच तिच्या अचूकतेविषयी बोलता येते, आणि फिरणाऱ्या मजकुरात यांपैकी एकही आकडा नाही.