फायबर बोटीच्या डेकवर सिलिकॉनची नळी फिरवू नका

मे महिना आला की आमच्या किनाऱ्यावर एक मेसेज हमखास फिरायला लागतो. यंदा तो मला तीन वेगवेगळ्या ग्रुपवरून आला. मजकूर असा: "फायबर बोटीचा डेक गळतोय? पॅनल काढायची गरज नाही. जुनं सीलंट तसंच राहू द्या. सांध्यावरून सिलिकॉनची एक नळी फिरवा, स्क्रू घट्ट आवळा, अर्ध्या तासात काम फत्ते. पाच वर्षं बघायला नको. थोडं पाणी मुरलं तरी घाबरू नका, फायबर कुजत नाही."

मी मालवणच्या बाजूला फायबर बोटींची दुरुस्ती करतो. या मेसेजमधलं एकेक वाक्य मी डेकवर गुडघे टेकून निस्तरलेलं आहे. म्हणून एकेकाला उत्तर देतो. सुरुवात शेवटच्या वाक्यापासून, कारण सगळ्यात जास्त पैसे त्यानेच बुडवले आहेत.

"फायबर कुजत नाही." खरं आहे, फायबर कुजत नाही. पण डेक, म्हणजे बोटीचा वरचा चालायचा भाग, नुसतं फायबर नव्हे. वर मॅट आणि रोव्हिंगचा, म्हणजे काचेच्या धाग्यांच्या कापडाचा थर, खाली तसाच थर आणि दोन्हींच्या मध्ये प्लायवूड, असे आमच्याकडचे बरेचसे डेक बनतात. बाहेरच्या बोटींत मध्ये बाल्सा लाकूडही असतं. चालताना डेक टणक लागतो तो या मधल्या लाकडामुळे. आणि स्क्रू मारला की तो वरचा थर फोडून थेट या लाकडातच उतरतो.

गेल्या वर्षी एका काकांची बोट बघायला गेलो. इंजिनावरच्या पॅनलखाली, म्हणजे डेकमध्ये स्क्रूने बसवलेल्या झाकणाखाली, पाणी येत होतं. "रे बाबा, गेल्या वर्सा तर सिलिकॉन मारलंय, आता परत खंयसून पाणी येता?" असं ते म्हणाले. सांध्यावर सिलिकॉनची पांढरी रेघ नव्यासारखी चमकत होती. मी हातोडीच्या दांड्याने डेक वाजवत गेलो. टक, टक, टक, आणि पॅनलच्या कडेजवळ आवाज एकदम बसका झाला, ओल्या पुठ्ठ्यावर मारल्यासारखा. तिथला स्क्रू पान्याने फिरवावाच लागला नाही, नुसता बोटांनी वर आला. मागोमाग भोकातून तपकिरी पाणी पाझरलं, बिनदुधाच्या चहासारखं. आत पेचकस घातला तर टोकाला चहाचा चोथा यावा तसा लाकडाचा भुगा आला. वरचा थर कापून उघडल्यावर दिसलं की पॅनलच्या दोन बाजूंना वीतभर रुंदीची पट्टी पूर्ण गेलेली होती. वरची रेघ मात्र एका ठिकाणीही सुटलेली नव्हती.

पाणी आलं ते स्क्रूच्या भोकांमधून. आणि वरच्या रेघेने सांधा बंद करून टाकल्यामुळे आत गेलेल्या पाण्याला सुकायची वाटच उरली नाही. मेसेजमधला उपाय गळती थांबवत नाही, उलट ओल आत कोंडून ठेवतो.

यात पावसाचं पाणी समुद्राच्या पाण्यापेक्षा वाईट. मिठामुळे लाकूड काही प्रमाणात टिकतं, गोड्या पाण्यात बुरशीला रान मोकळं मिळतं. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते, बोटी किनाऱ्यावर ओढून शाकारलेल्या असतात, आणि आपल्याला वाटतं की बोट आता सुखरूप आहे. वर्षाला ३००० मिमीच्या आसपास पाऊस पडणाऱ्या या पट्ट्यात डेक खरा कुजतो तो याच दोन महिन्यांत, ताडपत्रीच्या एखाद्या फाटीखाली.

"जुनं सीलंट तसंच राहू द्या." सीलंट ज्याला चिकटतं, त्याच्याइतकंच टिकतं. जुन्या थराने जेलकोट, म्हणजे फायबरवरचा गुळगुळीत रंगीत थर, सोडलेला असेल तर त्याच्यावरचा नवा थरही त्याच्यासोबत सुटणार. जुना थर, त्यावर मीठ, डिझेलचा तवंग, उन्हाने पिठासारखा झालेला जेलकोट, यातलं काहीही नव्या सीलंटला धरून ठेवत नाही. सगळं खरवडून काढायला लागतं. पॅनल उचलताना पेचकसाने उचकटू नका, जेलकोटच्या कडा फुटतात. पातळ सुरी किंवा बारीक तार सांध्यातून ओढत न्यायची आणि मग लाकडी पाचर घालून हळूहळू सुटू द्यायचं. नंतर ८० नंबरचा पॉलिश पेपर आणि ॲसिटोन. ॲसिटोनचं फडकं एका हातात, कोरडं स्वच्छ फडकं दुसऱ्या हातात. सुकायच्या आत पुसून घेतलं नाही तर मळ फक्त पसरतो.

"सिलिकॉनची एक नळी." इथे माझा सगळ्यात मोठा आक्षेप आहे. सिलिकॉन ही वाईट वस्तू नाही, ती चुकीच्या जागी वापरली जाते. केबिनच्या ॲक्रिलिकच्या काचांना योग्य जातीचं सिलिकॉनच लागतं, तिथे पॉलियुरेथेन किंवा पॉलिसल्फाइड जातीचं सीलंट लावलं तर प्लास्टिक खराब होऊ शकतं. पण डेकवर? बाथरूमसाठी मिळणाऱ्या, व्हिनेगरसारखा वास मारणाऱ्या सिलिकॉनमधून सुकताना आम्ल सुटतं आणि ते धातूला गंज आणतं. शिवाय खालच्या पृष्ठभागावर त्याचा न दिसणारा थर राहून जातो. ॲसिटोनने तो निघत नाही. पुढच्या वर्षी तिथे रंग मारायला गेलात की रंग गोल गोल मागे सरकतो आणि माशाच्या डोळ्यासारखे ठिपके उमटतात. रेझिन, म्हणजे फायबर जोडायचा चिकट द्रव, धरत नाही, दुसरं कुठलंही सीलंट धरत नाही. घासून घासून जेलकोट पातळ होईपर्यंत मी ते काढलेलं आहे. एकदा डेकवर सिलिकॉन फिरवलं की पुढची प्रत्येक दुरुस्ती अवघड करून ठेवली, असं समजा.

डेकसाठी बोटींचं पॉलियुरेथेन सीलंट वापरा. मात्र जे पॅनल इंजिन किंवा टाकीसाठी पुन्हा उघडावे लागणार, त्यांना कायमचं चिकटवणारी जात लावू नका. ती काढताना जेलकोट सोलून निघतो. अशा जागी ब्युटाइल टेप, म्हणजे मऊ, चिकट रबरी पट्टी, उत्तम. ती कडक होत नाही आणि वर्षांनीही सुरीने सुटते.

"सांध्यावरून फिरवा." हा सल्ला लोकांना पटतो, कारण आपल्या हातांना लाकडी होडीची सवय आहे. फळ्यांच्या सांध्यात कापूस ठासायचा, वर राळ आणि तेल लावायचं. होडी पाण्यात उतरली की लाकूड फुगतं आणि उरलेली फट आपोआप मिटते. फायबर फुगत नाही. उन्हात पॅनल तापतो, पसरतो, रात्री आकसतो, त्यात इंजिनाची थरथर चोवीस तास. सांधा सतत हलतो. ही हालचाल झेलायला सीलंटला जाडी लागते. पॅनल आणि डेक यांच्यामध्ये एक-दोन मिमीचा सलग थर असेल तर तो रबरासारखा ताणला जातो. वरून बोटाने पुसून काढलेल्या रेघेची कड केसाएवढी पातळ असते, ती पहिल्या उन्हाळ्यात सुटते. म्हणून सील पॅनलच्या खाली बसलं पाहिजे, वरून दिसतं ते नुसतं बाहेर आलेलं जास्तीचं.

"स्क्रू घट्ट आवळा." आवळल्याने दोन गोष्टी होतात. सगळं सीलंट बाहेर पिळून जातं आणि मध्ये काही उरत नाही. आणि भोकाभोवती जेलकोटला ताऱ्यासारख्या भेगा जातात, म्हणजे पाण्याला नवी वाट. कुजलेल्या प्लायमध्ये तर स्क्रू नुसता फिरत राहतो. मग लोक एक नंबर मोठा स्क्रू घालतात, त्याने भोकच मोठं होतं.

मी काय करतो ते सांगतो. ५ मिमीचं भोक असेल तर ते १० किंवा १२ मिमीचं करतो, खालचा थर न फोडता. आतला ओला भुगा वाकवलेल्या खिळ्याने कोरून काढतो. लाकूड पूर्ण सुकू देतो, त्याला कधी आठवडाही लागतो. मग सिलिकाची पूड घालून घट्ट केलेलं इपॉक्सी रेझिन भरतो. साधं पॉलिस्टर रेझिन स्वस्त पडतं, पण जुन्या लाकडाला इपॉक्सी जास्त धरतं. ते कडक झालं की त्यातच नवं भोक. आता स्क्रूच्या भोवती लाकूड नाहीच, त्यामुळे सीलंट कधी सुटलं तरी पाणी लाकडापर्यंत जात नाही. भोकाच्या तोंडाला थोडी खोलगट कड घेतो, तिथे सीलंटची चकती तयार होते. स्क्रू ३१६ चे स्टेनलेस, म्हणजे खाऱ्या पाण्यात सहज न गंजणाऱ्या जातीचे. पॅनल बसवताना चारी बाजूंनी सीलंट बाहेर डोकावेपर्यंतच आवळतो, आणि शेवटचा पीळ सीलंट बसल्यावर, म्हणजे सुकून रबरासारखं झाल्यावर देतो.

"अर्ध्या तासात." पॉलियुरेथेन हवेतल्या ओलाव्याने बसतं, दिवसाला साधारण दोन-तीन मिमी आत. वर साय धरली म्हणजे खालचं झालं असं नाही. आणि पुसायला स्पिरिट किंवा अल्कोहोल वापरलंत तर कच्चं पॉलियुरेथेन बसतच नाही. हे काम एप्रिलचं, उशिरात उशिरा मेच्या पहिल्या पंधरवड्याचं. वळवाच्या सरी सुरू झाल्यावर ओल्या डेकवर केलेलं काम वाया जातं.

भर समुद्रात असताना पाणी यायला लागलं तर? तेव्हा जे हाताशी असेल ते लावा, जीव आणि इंजिन आधी. पण त्यासाठी बोटीत ब्युटाइल टेपचा रोल ठेवा, सिलिकॉनची नळी नको.

ज्यांनी यंदा रेघ मारूनच टाकली आहे, त्यांनी शाकारण्याआधी एवढं तरी करावं. पॅनलखाली आतून वर्तमानपत्राचे कागद टेपने चिकटवा. बाहेरून नळाचं पाणी सोडा, आधी सखल बाजूला, मग दर दहा मिनिटांनी थोडं वर. कागदावर पहिला डाग कुठे येतो ते बघा, आणि तो डाग म्हणजे गळतीची जागा असं लगेच धरू नका. पाणी खालच्या आडव्या पट्टीवरून हातभर वाहत येऊन टपकतं. डागापासून चढाच्या दिशेने जो पहिला स्क्रू लागेल तो आधी काढा. टोक कोरडं आणि चकचकीत असेल तर पुढचा बघा. तपकिरी असेल तर रेघ सुरीने कापा, पॅनल उचला आणि पाऊस यायच्या आत वारा लागू द्या.