समुद्रावरचे मंगल कार्यालय

ज्यांचे आयुष्य ४५ अंशांच्या उन्हात आणि चार दिवसांआड येणाऱ्या नळाच्या धास्तीत गेले, त्या जळगाव-धुळ्याच्या वाचकांनी एकदा तरी मोठ्या क्रूझवर जावे, असे आमचे प्रांजळ मत आहे. आपली तापी दरसाल सुरतेपलीकडे समुद्राला जाऊन मिळते आणि तेही फुकट. पण ती नदी आहे. आपल्याला प्रतिष्ठा सांभाळावी लागते.

सर्वप्रथम, भाडे भरले म्हणजे सगळे आले, हा गैरसमज घरीच ठेवून निघावे. इंटरनेट वेगळे, बहुतेक पेये वेगळी, खास उपाहारगृहातील जेवण वेगळे आणि अनेक जहाजांवर प्रत्येक माणशी, प्रत्येक दिवसाची बक्षिसीही आपल्या नावावर आपोआप चढते. सारंगखेड्याच्या यात्रेत पाळण्याचे पैसे सुटे करताना मनुष्य दोनदा विचार करतो. जहाजावर रोख रक्कम चालत नाही, एक कार्ड दाखवावे लागते, त्यामुळे विचार करण्याचा त्रास वाचतो. तो शेवटच्या दिवशी, हिशेबाचा कागद हाती आल्यावर, एकदमच करता येतो.

खोली घेताना स्वस्तातली, आतल्या बाजूची घ्यावी. तिला खिडकी नसते, त्यामुळे दिवस आहे की रात्र हे कळत नाही आणि झोप गाढ लागते. समुद्र पाहण्याची फारच हौस असेल, तर काही जहाजांवर टीव्हीच्या एका वाहिनीवर पुढच्या कॅमेऱ्यातून दिसणारा समुद्र अखंड दाखवतात. (तेवढा समुद्र पाचोऱ्यातही दिसला असता, असे सौभाग्यवतींनी म्हटल्यास उत्तर देऊ नये.)

समुद्राकडे पाहण्यास तशी सवडही मिळत नाही. २०२४ साली पहिल्या सफरीवर निघालेल्या ‘आयकॉन ऑफ द सीज’ या जहाजाची लांबी सुमारे ३६५ मीटर, मजले २० आणि पोहण्याचे तलाव सात आहेत. चहूकडे पाणीच पाणी असताना प्रवासी तलावाकाठच्या खुर्चीसाठी पहाटे उठतात आणि तिच्यावर टॉवेल टाकून न्याहारीला जातात. एसटीच्या खिडकीतून रुमाल टाकण्यात ज्यांची हयात गेली, त्यांना येथे कोणाकडून काही शिकावे लागणार नाही. त्या एका जहाजात साडेसात हजारांवर प्रवासी मावतात, हे मात्र लक्षात असू द्यावे. बुफेच्या रांगेत त्यातले निम्मे आपल्या पुढे उभे आहेत असे वाटते. ताटात सात देशांचे पदार्थ एकमेकांवर रचून घ्यावेत आणि तिसऱ्या दिवशी भरीत आणि कळण्याच्या भाकरीची आठवण काढत रडू नये. हात मात्र साबणानेच धुवावेत, कारण जहाजावर पसरणाऱ्या, उलट्या-जुलाब लावणाऱ्या नोरोव्हायरसला बाटलीतले सॅनिटायझर फारसे जुमानत नाही.

जुगारगृह साधारणतः जहाज बंदरात असेपर्यंत बंद असते आणि किनाऱ्याचा कायदा मागे पडला की उघडते. आखाजीला पत्ते कुटताना दाराकडे डोळा ठेवणाऱ्या आपल्या मंडळींना ही निर्धास्तता इतकी अनोळखी वाटते की, त्यांचे खेळातले लक्षच उडते.

सुरक्षेच्या कवायतीला, म्हणजे संकटात जहाज कसे सोडायचे याच्या तालमीला, मात्र खरोखरच जावे. येथे थट्टा नाही. १३ जानेवारी २०१२ रोजी इटलीच्या किनाऱ्याजवळ ‘कोस्टा कॉन्कॉर्डिया’ हे क्रूझ जहाज खडकावर आदळून कलंडले आणि ३२ माणसे दगावली. त्याच दिवशी चढलेल्या प्रवाशांची कवायत तोवर झालेली नव्हती. आता ती जहाज निघण्यापूर्वी किंवा निघताच घेतात.

शेवटच्या रात्री बॅगा खोलीबाहेर ठेवण्यास सांगतात, कारण सकाळी दुसरे वऱ्हाड येणार असते. त्या भरताना सकाळचे कपडे बाहेर काढून ठेवावेत, अन्यथा लाखभर रुपये खर्चून आलेला मनुष्य नाईट सूटमध्ये धक्क्यावर उभा राहतो आणि हजारो काळ्या बॅगांमध्ये आपली शोधतो. हँडलला जुन्या लुगड्याची चिंधी बांधून दिली होती ना, असे त्या वेळी आई फोनवर विचारते.